वेटिंग रूममधला कडा

दातांच्या डॉक्टरांनी ताईचे चित्र वेटिंग रूममध्ये टांगले, ते निव्वळ भिंत रिकामी होती म्हणून. ताई त्यांची मोठी बहीण, भूगोल शिकवून निवृत्त झालेली. गावाबाहेरच्या कड्यासमोर वर्षभर बसून, जाड कागदावर कोळसा आणि गेरू घासून तिने ते काढले होते. करडे थर, पिवळट थर, मधूनच खाली उतरलेली काळी भेग. "छान आहे हं," म्हणत डॉक्टरांनी खिळा ठोकला आणि हात धुतले.

दुसऱ्याच दिवशी एक काका चित्रासमोर थबकले. "कुणाचा हो हा जबडा?"

रिसेप्शनवरच्या बाईंचे अर्धे लक्ष फोनमध्ये होते. "ते ना? डॉक्टरांच्या ताईंचं आहे."

"अरेरे! सख्खा भाऊ दातांचा डॉक्टर, आणि ही अवस्था?" काका नंबर न लावताच निघून गेले.

डॉक्टरांनी घाईघाईने खाली चिठ्ठी चिकटवली, 'खडकांचे थर'. त्याने घोळ वाढलाच. "म्हणजे दातांवर कीटण साचून साचून शेवटी खडक होतो बघा," असे एका बाईंनी शेजारणीला समजावले आणि दोघींनी तिथल्या तिथे दात साफ करून घेतले.

पुढे एक वकील आले. सहा महिने ते तारखा चुकवत होते. त्यांना समजावून थकलेल्या डॉक्टरांनी नुसते भिंतीकडे बोट दाखवले. "दुर्लक्ष केलं की असं होतं." वकील निमूट खुर्चीत जाऊन बसले.

पहिल्यांदा हे बोलताना डॉक्टरांची जीभ चाचरली होती. महिन्याभरात ते तपासणीच्या आरशाची दांडी कागदावर फिरवत सराईतपणे सांगू लागले. "ही कीड. इथून आत शिरली, थेट मुळापर्यंत. हा खालचा भाग तर आता वाचतच नाही."

"तो भाग काढायला मला अडीच महिने लागले."

डॉक्टर वळले. कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई बसली होती.

"अडीच महिने?" शेजारच्या आजी किंचाळल्या. "अगं बाई! भूल तरी दिली होती का?"

डॉक्टरांना हसू फुटले. ते एक हसू परत घेता आले असते तर त्यांनी सगळा दवाखाना देऊन टाकला असता. ताई उठली. तिने चित्र खाली उतरवले, कागद फाटू नये म्हणून चिठ्ठी नखाने हळूहळू सोडवली, ती टेबलावर ठेवली आणि चित्र घेऊन निघून गेली.

नंतर ताई फोन उचलेना. रविवारी डॉक्टर एकटेच त्या कड्यापाशी गेले. ऊन कलले होते. करडे थर, पिवळट थर, मधून उतरलेली भेग. सगळे जागच्या जागी होते. तासभर बघूनही त्यांना एकही दात दिसला नाही. तिथूनच ते ताईकडे गेले.

"ताई, चुकलं माझं. मी कडा बघून आलो. ते चित्र दे, नीट लावतो."

"दिलं रे ते."

"कुणाला?"

"चौकात त्या दातांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्यात ना, त्यांना. त्या दिवशी दाढ ठणकत होती म्हणून तुझ्याकडे आले होते मी. तशीच उठले. मग कुठेतरी जायलाच हवं होतं."

तीस वर्षांत ताईच्या तोंडात डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात गेला नव्हता. शिकत असताना पहिली दाढ त्यांनी तिचीच भरली होती. चुकीची भरली होती, आणि तिने घरात कुणाला कळू दिले नव्हते.

"मग? त्यांना काय दिसलं त्यात?"

"कडा. म्हणाल्या, तुम्ही रोज किती वाजता जाऊन बसायचात?"

हे डॉक्टरांनी कधीच विचारले नव्हते. "आणि दाढ?"

"भरली." ताईने जीभ दाढेवरून फिरवून पाहिली. मग त्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत, चोरी पकडली गेल्यासारखी हळूच म्हणाली, "अजिबात दुखलं नाही रे."