तिसरी तार

जेवणाची सुट्टी झाली हे दिनानाथच्या मीटरला कसं कळतं, ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्याच्या गाळ्यात कोणालाच उलगडत नव्हतं. बॉयलरचं तापमान मोजून ते तारेतून कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच मीटरचं काम. सकाळी आकडे सरळ यायचे. दुपारी एकला पडद्यावर फुल्या आणि चौकोन उमटायला लागायचे, ते संध्याकाळपर्यंत.

शुक्रवारी गिऱ्हाईक कंपनीचे जयदेवसाहेब मीटर बघायला येणार होते. ऑर्डर गेली तर गाळा सोडून पुन्हा नोकरी शोधायची, असं दिनानाथने घरी सांगून टाकलं होतं.

शेजारच्या गाळ्यातल्या भगवंतरावांचं म्हणणं, एकला सगळ्या कँटीनच्या शेगड्या पेटतात आणि व्होल्टेज पडतं. दिनानाथने स्टॅबिलायझर लावला. मग चिप बदलली, क्रिस्टल बदलला, शेवटी उन्हाचा संशय घेऊन खिडकीला चादर बांधली. मीटरने एकची वेळ सोडली नाही.

शुक्रवारी तो धास्तीने डबा विसरूनच निघाला. त्या दिवशी मीटरने सकाळपासूनच फुल्या काढल्या.

अकराच्या सुमारास त्याची बायको कुमुदिनी बदलापूरहून रिक्षाने डबा घेऊन आली. मीटर आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेट्या शेजारी शेजारी होत्या. मधल्या फटीवर दिनानाथ रोज डबा ठेवी. तिथे उबेला भाजी गरम राही. तिनेही तिथेच ठेवला. पडद्यावर आकडे आले.

तिने डबा उचलला. फुल्या. पुन्हा ठेवला. आकडे.

"अहो, एक वाजला म्हणून नाही," ती म्हणाली, "तुम्ही जेवायला डबा उचलता म्हणून बंद पडतं हे."

दिनानाथने वाकून मागच्या तारा बघितल्या. एक तार बोलायला, एक ऐकायला, मग तिसरी कशाला, म्हणून त्याने ग्राउंडची तार गाळली होती. दोन यंत्रांचं शून्य एक व्हायला तीच लागते. इतके दिवस ते काम डब्याचं स्टील करत होतं. त्याला पंधरा दिवसांत न दिसलेली चूक तिने दोन मिनिटांत धरली होती.

ती तार जोडायला तो सोल्डरिंग आयर्न तापवतो आहे तोवर जयदेवसाहेब आत आले. आकडे चोख येत होते. साहेबांची नजर डब्यावर गेली.

"मशीन चाललेलं बघितल्याशिवाय हे जेवणार नाहीत म्हणे," कुमुदिनी म्हणाली.

"मग बसा की. मीही उपाशीच आहे," म्हणत साहेबांनी डब्याला हात घातला.

त्याआधीच कुमुदिनीने कडी काढली. वरचे दोन पुड अलगद उतरवून पोळ्या आणि वालाचं बिरडं साहेबांपुढे ठेवलं. खालचा पुड केसभर हलला नाही.

"त्यात काय?"

"भात. तो मशीनच्या वाटणीचा, साहेब."

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांच्याकडे बॉयलरला दर अमावास्येला नारळ फुटे. बिरडं पुसून खाऊन त्यांनी ऑर्डरवर सही केली.

जीप गेली तसा दिनानाथ तारेकडे धावला.

"तार कुठे पळत नाही. आधी जेवा," म्हणत कुमुदिनीने खालचा पुड उचलून त्याच्या हातात दिला. पडदा फुल्यांनी भरला. दिनानाथ त्याच्याकडे पाठ करून कोरडा भात चवीने खात बसला.