टाकीबाबतचा बेचाळिसावा अर्ज

एखादा प्रश्न एकदा विचारला तर ती जिज्ञासा असते, दुसऱ्यांदा विचारला तर शंका असते आणि तिसऱ्यांदा विचारला तर तो कार्यालयीन कामकाजातला अडथळा असतो. माहिती अधिकारी म्हणून माझी एकोणीस वर्षे सेवा झाली असून या काळात जिज्ञासू माणसे मी दोनच पाहिली. (त्यांतले एक गृहस्थ स्वच्छतागृह कुठे आहे, एवढेच विचारत होते.) बाकी सगळे अडथळे. नव्या अधिकाऱ्यांना मार्गदर्शन व्हावे म्हणून त्यातल्या एका अडथळ्याची हकिगत सविस्तर देतो.

अर्जदार म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक काकू. आमच्या कार्यालयामागे पाण्याची उंच टाकी आहे, तिच्या खालच्या गल्लीत त्या राहत. टाकीच्या बुडाचा सिमेंटचा ढलपा निघाला आणि त्यांच्या यजमानांच्या खांद्यावर पडला. यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटे थरथरतात, आणि घड्याळवाल्याला थरथर चालत नाही, हे कार्यालयालाही मान्य आहे. काकूंनी अर्ज केला: या टाकीची शेवटची तपासणी कधी झाली आणि तपासणाऱ्याने काय लिहिले?

आम्ही तातडीने फाइल काढली. तिच्यात उद्घाटनाचे सत्तावीस फोटो आणि कापलेल्या फितीचा तुकडा निघाला. तपासणी निघाली नाही.

आवक-जावक सांभाळणारे आमचे कारकून अत्यंत कार्यक्षम आहेत. त्यांच्या टेबलावर छापील उत्तरांचे गठ्ठे तयार असतात. त्या दिवशी 'माहिती उपलब्ध नाही' हा गठ्ठा संपला होता. (त्याला मागणी फार.) म्हणून त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातला कागद उचलला आणि शिक्का मारून पाठवला: 'आपल्या अर्जास यापूर्वीच उत्तर देण्यात आले आहे.' काकूंचा तो पहिलाच अर्ज होता.

कोत्या मनाचे लोक याला चूक म्हणतील. पण कागद टपालात पडला त्या क्षणी ते उत्तर झाले. नोंदवहीत तशी नोंद झाली. म्हणजे काकूंचा दुसरा अर्ज येईपर्यंत 'यापूर्वीच उत्तर देण्यात आले आहे' हे वाक्य शंभर टक्के खरे झाले होते. कारकुनांनी काळाच्या पुढे पाहिले, इतकेच.

काकू ते पत्र घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, यापूर्वी म्हणजे कधी?"

"या पत्राने," मी म्हणालो.

"पण या पत्रात तर काहीच नाही."

"ते तुम्ही लेखी विचारा."

आणि त्यांनी विचारले! बाई आरडाओरडा करत्या तर पोलिसांना बोलावता आले असते. पण त्या घडी न मोडलेला कागद द्यायच्या, पोच घ्यायच्या आणि "येते हं" म्हणून जायच्या. मला त्यांचा मनस्वी राग यायचा. असल्या शांत माणसांसाठी नियमांत काही तरतूदच नाही.

अकरा महिन्यांत एकेचाळीस अर्ज झाले. पैकी सतरा समास अरुंद असल्याने परत गेले, नऊ शाईच्या रंगामुळे. सहांवर 'टाकी म्हणजे नेमकी कोणती?' असा खुलासा मागवला. (टाकी एकच आहे.) पहिल्याची हकिगत वर आलीच; नंतरच्या सातांना त्याच पत्राचा संदर्भ दिला. उरलेला एक शिपायाने डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातला; संपूर्ण प्रकरणात कामी आलेला अर्ज तेवढाच.

कार्यालयाला टाकीची काळजी नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. काकूंचा तिसरा अर्ज आला त्याच दुपारी अभियंत्यांनी सर्व कर्मचाऱ्यांच्या गाड्या टाकीच्या सावलीतून काढून उन्हात लावायला सांगितल्या. आदेश तोंडी होता.

शेवटी मी खिडकी क्रमांक तीनवर पाटी लावली: 'एका अर्जदाराच्या वारंवार येणाऱ्या अर्जांमुळे दाखले मिळण्यास उशीर होत आहे. क्षमस्व.' उशीर पूर्वीही व्हायचाच, पण तो बेवारस होता. आता त्याला धनी मिळाला. दुसऱ्याच दिवशी रांगेतले एक किराणा दुकानदार काकूंवर उखडले.

"अहो काकू, किती दिवस तेच ते? आम्हाला कामंधामं नाहीत का?"

"भाऊ, मला फक्त एक तारीख हवीय."

"तारखेनं काय काकांचा हात बरा होणारे?"

"त्यांचा नाही होणार. दुसऱ्या कुणाचा तरी वाचेल."

दुसरे कुणीतरी म्हणजे नेमके कोण, हे त्या सांगू शकल्या नाहीत. अर्जाच्या नमुन्यात तसा रकानाही नाही.

पुढच्या आठवड्यात रांगेतून एक कागद फिरला. (कोणी फिरवला, याची नोंद नाही. मजकूर मीच तपासून दिला होता.) टाकीबाबतचे अर्ज यापुढे घेऊ नयेत, अशी त्यात नागरिकांची नम्र विनंती होती. एकशे बारा सह्या झाल्या आणि मजकूर एकानेही वाचला नाही. वाचकहो, चौसष्टावी सही तुमची आहे. पुढच्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून केलीत, म्हणून जरा वाकडी आली आहे.

काकूंनी तो कागद उभ्याने पूर्ण वाचला. वाचणाऱ्या त्या एकट्याच. मग घर सोडून यजमानांना घेऊन त्या भावाकडे राहायला गेल्या. प्रकरण निकाली निघाले आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

परवा टाकीचा दुसरा ढलपा तुमच्या अंगणात पडला. तुमची मुलगी दोरीवर कपडे वाळत घालत होती, वीतभराने वाचली. आज सकाळी खिडकी उघडायच्या आधीच तुम्ही दारात हजर. "साहेब, माझा हा पहिलाच अर्ज आहे हो," असे तुम्ही तीनदा म्हणालात. असेल. पण मोजणी माणसांची होत नसते, प्रश्नाची होते, आणि हा प्रश्न बेचाळिसाव्यांदा आला आहे. शिवाय तो घेऊ नये अशी जनतेची लेखी इच्छा आहे. जनतेपुढे आम्ही कोण?

तेव्हा कृपया बाजूला व्हा. मागचे लोक कुरकुरत आहेत म्हणून त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यातही मुलीबाळींचे बाप आहेत, त्यांची गल्लीही तुमचीच आहे. पण त्यांना आज दाखला हवा आहे.