दोन्ही खांदे मोजून

शिंपीमास्तरांनी सुताराला बोलावून दुकानातला आरसा वीतभर खाली घेतला, तेव्हा काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोने सुई थांबवली.

आधी दोऱ्यांची रिळं वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आली होती. मग कोट अडकवायची दांडी खाली उतरली. प्रत्येक वेळी मास्तरांकडे चोख कारण असे. वर धूळ बसते. दांडी सैल झाली होती. आरशात गिऱ्हाइकांना स्वतःचे बूट दिसत नाहीत.

"आता छतच खाली घ्या," बायको म्हणाली. "हात वर करायचा प्रश्नच मिटेल."

"खांदा जरा धरलाय, एवढंच. दरवर्षी थंडीत धरतो. थंडी गेली की सुटतो."

"दरवर्षी शर्टाची बाही चढवायला मी लागत नव्हते."

मास्तर ऐकू न आल्यासारखे कापडावर खडूने रेघ ओढू लागले. रस्त्यापलीकडेच फिजिओथेरपीचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरबाईंचे ॲप्रनही मास्तरांनीच शिवले होते. पण तिथे पाऊल टाकलं की 'कात्री धरू नका' असं ऐकावं लागणार, याची त्यांना खात्री होती. आणि कात्री खाली ठेवलेला शिंपी म्हणजे त्यांच्या लेखी कापड बेतून उरलेली चिंधी.

त्यात कोपऱ्यावरच्या बँकेने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी गरम कोटांचं काम दिलं. मास्तरांचं नावच तसं होतं. बाकीचे शिंपी एक खांदा मोजतात आणि दुसरा तसाच असेल असं धरून चालतात. मास्तर दोन्ही मोजत. जगात कोणाचेही दोन खांदे सारखे नसतात, असं त्यांचं ठाम मत होतं. दुकानाच्या पाटीवर नावाखाली 'दोन्ही खांदे मोजून' असं रंगवून घेतलेलं होतं. त्यांनी दात आवळून अख्ख्या बँकेची मापं घेतली. थंडी दाराशी आलेली, म्हणून मधली ट्रायल गाळून कोट पोचतेही केले.

आठवड्याभरात बँक उजवीकडे कलली.

मॅनेजरांनी आपल्या काचेच्या केबिनमधून पाहिलं, तर एकूण एक माणसाचा उजवा खांदा उतरलेला. चूक कोटात असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. कोट मास्तरांचे होते. मॅनेजरांनी दोष खुर्च्यांना दिला आणि नव्या खुर्च्या आणवल्या. खांदे तसेच. मग त्यांनी सगळ्यांचे माउस डाव्या हाताला ठेवायला लावले. त्यामुळे खांदे वर आले नाहीत, पण रांग रस्त्यावर आली. कॅशियरबाईंनी दोष उशीला दिला, रात्री उशी घेणं सोडलं आणि त्या मान धरून बसल्या. शेवटी मॅनेजरांनी सगळ्यांना आळीपाळीने फिजिओथेरपीला धाडलं, आणि सर्वांत शेवटी ते स्वतः गेले.

एका संध्याकाळी डॉक्टरबाई हातावर मॅनेजरांचा कोट टाकून दुकानात आल्या.

"मास्तर, अख्खी बँक माझ्याकडे येऊन गेली. सगळ्यांचे खांदे तपासले. अगदी सरळ आहेत."

"वा, छानच की!"

"कोट घातला की उतरतात."

बायकोची सुई पुन्हा थांबली. मास्तरांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. "वाकडा कोट? माझा? डॉक्टरबाई, बोलताय काय!"

तेवढ्यात मास्तरांनीच शिवलेला कोट घालून पोस्टमन टपाल घेऊन दारात आला. मास्तरांना देवच भेटला. "अहो दादा, या, या! हा कोट बघा, बाई. त्याच आठवड्यात शिवलाय, याच टेपने, याच हाताने. दादा, फिरा जरा. आता दाखवा कुठे वाकडा आहे ते! एक चुणी दाखवा!"

चुणी खरंच नव्हती. कोट अंगावर ओतल्यासारखा बसला होता. डॉक्टरबाईंनी मागून-पुढून पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, कोट काढा बरं."

दादांनी कोट काढला. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता.

"टपालाची पिशवी कुठल्या खांद्यावर घेता?"

"याच. नोकरीला लागल्यापासून. का हो?"

"मास्तर, तुमच्या मापाचा माणूस मला एकच सापडला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता माझं माप घ्या."

त्या आरशासमोर पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मास्तरांच्या डाव्या हाताने डावा खांदा झटक्यात मोजून झाला. उजवा हात छातीपर्यंत गेला, तिथे अडला, आणि टेपचं टोक खांद्याऐवजी दंडावर टेकलं. आरसा खाली घेतल्यामुळे हे सगळ्यांना स्वच्छ दिसलं.

"थंडीचंच आहे हो," मास्तर पुटपुटले.

"थंडीचं दुखणं शेकलं, चार पावलं चाललं की सैल होतं. हातच वर जाईना, त्या कुशीवर झोप येईना, शर्ट घालायला दुसरं माणूस लागायला लागलं, की त्यात ऋतूचा दोष नाही. तेव्हाच यायचं. ओरडले नसते मी."

मास्तरांनी टेबलावरच्या कात्रीवर हात ठेवला. "म्हणजे आता ही बंद?"

"कोणी सांगितलं? कात्री कमरेपाशी चालते, खुशाल चालवा. तुम्ही फक्त रोज भिंत चढायची."

"या वयात?"

"बोटांनी!"

बायको इतकी हसली की सुईतला दोरा निघाला.

मग मास्तर दवाखान्यात जाऊ लागले, घरी खांदा शेकू लागले आणि दुकानाच्या भिंतीवर बोटं चालवत वर वर नेऊ लागले. बोटं जिथे थांबत तिथे ते खडूची खूण करत. खूण सरकली की बायको एक रीळ मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवून देई. बँकेचे कोट उसवून पुन्हा शिवून झाले. माउस उजवीकडे परतले. नव्या खुर्च्या मात्र कोणी परत करू देईना.

थंडी ओसरायच्या बेताला पोस्टमन दुकानात आला. डॉक्टरबाईंनी त्यालाही सोडलं नव्हतं. पिशवी आता पाठीवर होती, आणि रोजचा व्यायाम चालू होता.

"मास्तर, कोट बिघडला. खांद्यात ओढतो, चुण्या पडतात."

मास्तरांनी सहज हात उचलून डावा खांदा मोजला. उजवा मोजला. टेप उलटा करून दोन्ही पुन्हा मोजले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दोन्ही सारखे," मास्तर वाईट बातमी सांगावी तसे म्हणाले. "कोट नाही बिघडला, दादा. तुम्ही सुधारलात."

"मग आता?"

मास्तरांनी कोट हातात घेऊन खांद्याच्या शिवणीवर अंगठा फिरवला. उसवायला काढलेली कात्री त्यांनी परत खाली ठेवली.

"दादा," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पिशवी पुन्हा उजव्या खांद्यावर नाही का घेता येणार? सबंध थंडीत माझा तेवढा एकच कोट जमला होता हो."