व्हेलाकॉट आजीच्या गोठ्यातली गाय

बाप गेला तेव्हा जेथ्रो टॉलीला दुःख झालं, नाही असं नाही. पण दफन करून परतताना त्याच्या डोक्यात गाईशिवाय दुसरं काही नव्हतं. डेव्हनच्या त्या मुलखातली रीतच तशी होती. जहागिरीची जमीन कसणारा मेला की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर जहागीरदाराचा कारभारी घेऊन जाणार, मगच पट्टा मुलाच्या नावावर चढणार. आणि टॉलींकडे जनावरं दोनच. तांबडी चेरी, जिच्या लोण्यावर घर चालायचं, आणि एक म्हातारा बोकड, जो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

"तू बघच," जेथ्रो बायकोला, प्रुडन्सला म्हणाला, "बोकडावर भागवतो की नाही!"

कारभारी हेलियरसाहेब नवा होता, गावची जनावरं ओळखत नव्हता. तेव्हा चेरीला शेजारच्या व्हेलाकॉट आजीकडे बांधायचं, राखणीबद्दल दूध आजीला. आजी ऐंशीची, पण लाकडं स्वतः फोडायची. प्रुडन्स म्हणाली, नसते उद्योग नकोत. जेथ्रोनं ऐकलं तर ना!

हेलियरसाहेबानं गोठा पाहिला, सुस्कारा टाकला आणि बोकड नेला. जेथ्रो दोन दिवस मिशीत हसत हिंडला.

इकडे आजीला किती वर्षांनी घरचं दूध मिळालेलं! तिनं दाट साय काढली, पावाला थापून थापून खाल्ली, तृप्त होऊन झोपली, ती उठलीच नाही. बिचारी सुखानं गेली. पण जमीन तिचीही जहागिरीचीच. कारभारी पुन्हा हजर.

"म्हातारीची गाय झकास आहे," तो म्हणाला. "टॉली, जरा जहागीरदाराच्या हवेलीपर्यंत हाक हिला."

खरं बोलावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर गाय जाणार. जेथ्रोनं काठी उचलली आणि गाय हाकली. चेरी मात्र निमूट चालत टॉलींच्या फाटकाशी आली, आत वळली आणि आपल्या जागी उभी राहून गव्हाणीत तोंड घालून खाऊ लागली.

"ही इथं घरच्यासारखी कशी वागते?" मागून येणाऱ्या साहेबानं विचारलं.

"घरचीच आहे, साहेब," प्रुडन्स दारातून म्हणाली.

हेलियरसाहेब जेथ्रोकडे वळला. "एवढ्यावरून मी पट्टा रद्द करू शकतो, ठाऊक आहे ना?"

जेथ्रोनं मान खाली घातली.

"राहू दे. गाय तुझ्या बापाच्या नावची, तेव्हा बापाबद्दल तीच नेतो. म्हातारीबद्दल तिची कोंबडी नेतो. पट्टा उद्या तुझ्या नावावर करतो. आणि तो बोकड आजच परत घे, माझा केसांचा टोप खाल्लाय त्यानं."

संध्याकाळी बोकड आला. त्याच्या शिंगाला अजून पांढरे कुरळे केस लटकत होते. प्रुडन्सनं शांतपणे तिपाई मांडली, बादली ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली.

"या, बसा. बोकडावर भागवणार होतात ना? काढा दूध."