लाळेरं तोलणारे व्याही

आमचे व्याही बाळाचं लाळेरं तोलतात. दूध पाजायच्या आधी कोरडं तोलतात, पाजून झाल्यावर ओलं. मधला फरक म्हणजे सांडलेलं दूध. ते बाटलीच्या हिशेबातून वजा केलं की उरलं ते पोटात गेलेलं. अख्ख्या बिबवेवाडीत असा माणूस दुसऱ्या कुणाच्या घरी येत असेल तर मला आणून दाखवा.

त्यांचं नाव दिगंबरराव. माझ्या सुनेचे, शुभांगीचे वडील. राहतात पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, विश्रांतवाडीला, एकटेच. विहीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर नोकरी वजनमापं खात्यात, बाजारात दुकानदारांचे काटे तपासायची. रिटायर झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. तोंडात एकच शब्द, 'वजा जाता'. सोयरीक ठरवायला आले तेव्हा मी छाती काढून सांगितलं, आमची जमीन ह्या टेकडीपासून पार त्या ओढ्यापर्यंत होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बिल्डर वजा जाता?" मी तेव्हाच ओळखलं, माणूस कडू आहे पण खोटा नाही. पोरगी ह्यांचीच करायची.

मी स्वतः शाळेत फार गेलो नाही. चौथीत मास्तरांशी पटलं नाही, दप्तर घरी आणलं ते कायमचं. पण म्हशी पाळल्या. रेडकू पोटभर प्यालं की नाही, हे नुसता हात फिरवून सांगतो. तर आमची नात वेळेच्या आधी झाली, वजनाला कमी. शुभांगीचं दूध पुरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोडीला डब्याचं दूध द्या, पण किती पिते ते नीट मोजा. वजन चढलं नाही तर परत दवाखान्यात ठेवावं लागेल. शुभांगीने रात्रीच वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरराव दोन बस बदलून दारात हजर. कापडी पिशवीत काटा आणि थर्मास.

थर्मासचं सांगायला हवं. मुलीच्या सासरी बापाने खायचं-प्यायचं नाही, हे त्यांच्या घरचं जुनं वळण. आता कुणी पाळत नाही. हे पाळतात. स्वतःचा चहा विश्रांतवाडीहून आणायचे आणि आमच्या व्हरांड्यात बसून प्यायचे. मला राग यायचा. एकदा म्हणालो, आमच्या चहात काय औषध घालतो का आम्ही? म्हणाले, "चहाबद्दल तक्रार नाही, आबा. नियमाबद्दल बोला."

त्यांचं दूध करणं बघण्यासारखं. उकळून निववलेलं पाणी बाटलीत ओतायचे आणि ओट्यासमोर गुडघे टेकून, डोळा रेघेला लावून बघायचे. पावडरचा चमचा सुरीने सपाट करायचे. मी म्हणालो, जरा शीग भरू द्या की, लेकरू अंग धरेल. माझ्याकडे अशी नजर टाकली, जसा मी बाजारातला काटा मारणारा. "डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातलं तर पोट बिघडेल. हे म्हशीचं आंबोण नाही." बरं, पाजून झाल्यावर मी पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि भरलं म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "तुमच्या हातावर सरकारी शिक्का आहे का?"

वजनाचा दिवस आला. दिगंबररावांचे आकडे चोख, आणि पोरीचं वजन जेमतेम हललेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडे दिवस बघू, नाहीतर मग ठेवूनच घेऊ. रिक्षात शुभांगी बाहेर तोंड करून बसली. दिगंबरराव मांडीवरच्या पिशवीला घट्ट धरून. मला वाटलं, हा माणूस आता काट्यालाच शिक्षा करणार.

घरी येऊन पुन्हा दूध, पुन्हा लाळेरं. नातीला खांद्यावर टाकून ते ढेकर काढत होते. पाठ आमच्याकडे. शुभांगी एकदम म्हणाली, "बाबा, तुमचा शर्ट."

खांद्यामागून पार पाठीपर्यंत पांढरा ओघळ. रोजच येत असणार. विश्रांतवाडीला जाईपर्यंत वाळून जायचा आणि हे घरी गेल्यावर तसाच भिजत टाकायचे. लाळेरं ग्रॅमावर तोलणारा माणूस स्वतःची पाठ तोलायला विसरला होता.

पुढे जे झालं ते मी अभिमानाने सांगतो. जो माणूस आमच्या घरी शर्टाचं वरचं बटणही कधी सोडत नव्हता, त्याने मुलीच्या सासरी उभ्या-उभ्या शर्ट काढला, बनियनवर उभा राहिला आणि शर्ट काट्यावर ठेवला. आकडा बघून कोरडा शर्ट अंदाजाने वजा केला. मग डॉक्टरीणबाईंना फोन. त्या म्हणाल्या, एकदम नको, थोडं थोडं पाजा, पाजल्यावर बराच वेळ उभी धरा. उभी धरायचं काम मी मागून घेतलं. दिगंबररावांनी आधी माझं उपरणं तोललं, मग पोर दिली.

पोरगी वजनाला चढली. काटा सांगायला लागला आणि माझा हातही. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, आता मोजत बसू नका, मागेल तेवढं द्या. सगळ्या घराला हायसं झालं. दिगंबररावांनी काटा पुसला, पिशवीत ठेवला. दारात चपला घालताना म्हणाले, "घरी चहाला एकच कप पाणी ठेवायचं असतं. त्याला मोजायला काय लागतं?" आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही. शुभांगी दाराकडे बघायची. या म्हणून कुणाची मनधरणी करणं आमच्या रक्तात नाही. मी फोन लावला आणि म्हणालो, "लाळेरं ओलं झालंय. तोललं नाही अजून."

"मोजायला नको सांगितलंय, आबा."

"त्या बाई आमच्या घरात राहत नाहीत."

 त्यांनी विचारलं, "कोरडं किती होतं?"

"मला काय माहीत? माझ्या हातावर शिक्का नाही."

आले. पण विश्रांतवाडीहून येईपर्यंत उन्हात लाळेरं खडखडीत वाळलेलं. मी घाईने नळाखाली धरून पुढे केलं. त्यांनी काट्यावर ठेवलं, नाकाशी नेलं.

"हे पाणी आहे, आबा."

"असेल. खडकवासला धरणाचं."

"म्हणजे वजा जाता दूध शून्य."

"शून्य तर शून्य. उद्याही येऊन बघा."

त्यांनी लाळेरं नीट चार घड्या करून ठेवलं. नातीला उचलून खांद्यावर घेतलं. मग पिशवीत हात घालून उगाच चाचपलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "थर्मास विसरलो वाटतं आज."

विसरणारा माणूस नाही तो. मी शुभांगीला म्हणालो, "चहा टाक. मोजू नकोस."