विजयेंद्र वरुणाच्या माळावर उडाला, त्याची हकीकत

आईने चारचौघांत एकदा सांगितलेली गोष्ट खरी करून दाखवणं हे मुलाचं कर्तव्य आहे, आणि गोदाबाईंचा मुलगा विजयेंद्र हे कर्तव्य दसरा तोंडावर आला तरी टाळत होता. असं वागणं त्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी केलं नव्हतं. (केलं असेल, पण घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.)

सांगितलेली गोष्ट अगदी साधी होती. नात प्रार्थना हिच्या लग्नाची बोलणी करायला कृष्णराजनगरचे रणोजीराव म्हैसूरला चामराजपुरमच्या घरी आले होते. भाताची गिरणी, दोन्ही हातांत अंगठ्या, आणि बोलणं सगळं वरच्या पट्टीतलं. आपला मुलगा हर्ष घोड्यावर कसा बसतो, त्याचा काका कावेरीला पूर आलेला असताना पोहून पलीकडे कसा गेला, हे ऐकता ऐकता गोदाबाईंनी आपल्या बाजूला सांगण्यासारखं काय आहे याचा अंदाज घेतला. मुलगा विमा कंपनीच्या कचेरीत बसून लोकांचे क्लेम नामंजूर करतो, यात काही दम नव्हता. म्हणून त्या म्हणाल्या की आमचा विजू उडतो. कुठून, असं रणोजीरावांनी विचारलं, तेव्हा चामुंडी बेट्टावरून, म्हणजे थेट डोंगरावरून, असंही त्यांनी सांगून टाकलं.

हे खोटं नव्हतं. विजयेंद्राने त्याच महिन्यात पॅराग्लायडर नावाची एक कापडी वस्तू घरात आणली होती, आणि घरात आलेली वस्तू कधी ना कधी वापरली जाणारच. गोदाबाईंनी फक्त थोडं आगाऊ सांगितलं. मूल पोटात असताना लोक त्याचं नाव ठरवतात, त्याला कोणी खोटं म्हणत नाही.

पण रणोजीरावांनी ही बातमी कृष्णराजनगरभर केली. गिरणीवर केली, सोसायटीत केली, देवळात केली. मग फोन आला: आयुधपूजेच्या दिवशी आम्ही सगळे येतो, व्याही उडताना बघतो आणि तिथेच सुपारी फोडून लग्न पक्कं करतो. आता ही सुपारी फुटायची की नाही, हे त्या कापडावर येऊन ठेपलं. प्रार्थनेला हर्ष आवडला होता. हे ती कोणाला बोलली नव्हती. पण हल्ली ती आज्जीशी न भांडता साडी नेसत होती, आणि गोदाबाईंना एवढा पुरावा पुरे होता.

तेव्हा तयारी कुठवर आली हे बघायला एका रविवारी त्या स्वतः माळावर गेल्या. हा माळ वरुणा गावाच्या अलीकडे आहे आणि त्यांच्याच घरचा आहे. सासऱ्यांच्या काळी घरात कापड रंगवायचं काम चाले, तेव्हा रंगवलेली थानं तिथे वाळत पडत. आता तिथे गवत असतं, शेजाऱ्यांच्या गाई असतात, आणि रविवारी विजयेंद्र असतो.

जे त्यांनी तिथे पाहिलं त्याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. हे शास्त्र नीट समजून घेतलं पाहिजे. उडण्याच्या विद्येचे दोन भाग आहेत, एक जमिनीवरचा आणि एक हवेतला. हवेतला भाग सोपा आहे यावर सर्व जाणकारांचं एकमत आहे, त्यामुळे त्याची कोणाला घाई नसते. जमिनीवरच्या भागात विद्यार्थी न उडण्याचा सराव करतो, आणि तो कसून करतो.

आधी पोशाख. डोक्याला हेल्मेट, हातांत मोजे, पायांत घोट्यापर्यंतचे बूट, आणि पाठीला पट्ट्यांनी बांधलेली एक खुर्ची. खुर्ची बांधून माणूस उभा राहतो. तिच्यावर बसण्याचा प्रसंग या भागात येत नाही. मग पिशवीतून कापड काढून गवतावर अर्ध्या चंद्रासारखं पसरायचं. त्याला खालून शेकड्याने दोऱ्या. एवढ्या नाड्यांचा परकर गोदाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. नाड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्या सोडवायच्या. सुटल्या की गाय येते. गाय गेली की पुन्हा सोडवायच्या.

एवढं झालं की विद्यार्थी कापडाकडे तोंड करून आणि जिकडे जायचं तिकडे पाठ करून उभा राहतो. हा या विद्येचा पाया. (गोदाबाईंना यात नवीन काही दिसलं नाही; कचेरीत तो हेच करत असणार.) मग पुढच्या नाड्या ओढायच्या, म्हणजे कापड वाऱ्याने भरून डोक्यावर उभं राहतं. ते डावीकडे झुकलं तर त्याच्याखाली डावीकडे धावायचं, उजवीकडे झुकलं तर उजवीकडे. ते झुकायच्या आत आपण तिथे पोचलेलं असावं. नवी सून पहिलं वर्ष हेच करते, आणि तिला कोणी हेल्मेट देत नाही.

विजयेंद्र बहुधा चुकीच्या बाजूला धावे. मग कापड आडवं पडे आणि त्याला गवतातून ओढत नेई. तो ओढला जाताना दोन्ही हात पुढे करून काहीतरी इंग्रजीत बोले. गाई आता त्याला ओळखायला लागल्या होत्या आणि वेळेवर बाजूला होत.

जास्तीत जास्त वेळ मात्र यातल्या कशातच जात नाही. तो वारा बघण्यात जातो. वाऱ्याचे प्रकार असे: नसलेला वारा; असलेला वारा; असलेला पण उलट बाजूचा; बरोबर बाजूचा पण जोराचा; आणि बरोबर बाजूचा, बरोबर जोराचा, पण आपण कापड घडी करून पिशवीत भरल्यानंतर येणारा. पाचवा प्रकार सर्वात जास्त आढळतो. घडी घालणं हे स्वतःच एक शास्त्र आहे आणि विजयेंद्राची त्यातली प्रगती समाधानकारक होती. घरी त्याने आजवर एक चादर घडी केलेली नव्हती.

शिकवायला सहना नावाची एक मुलगी होती. काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, अंगावर मांस म्हणून नाही. ती विद्यार्थ्यांना कन्नडमध्ये आणि कापडाला इंग्रजीत बोलायची. गोदाबाईंनी तिला जवळ बोलावून विचारलं की हा उडणार कधी. सहना अगदी गोड हसली. म्हणाली, अज्जी, सपाट माळावरून कोणी उडत नसतं, त्याला डोंगराचा उतार लागतो. आणि इथली मैत्री पक्की झाल्याशिवाय मी कोणाला डोंगरावर नेत नाही. कोणाशी मैत्री, तर वाऱ्याशी. काही जण तर जमिनीवर इतके रमतात, की वर जायचं नावच काढत नाहीत. हे तिने कौतुकाने सांगितलं.

"तू शिकवतेस की थांबवून ठेवतेस?" गोदाबाईंनी विचारलं. सहनाने हे वाक्य आवडल्यासारखं मान हलवली.

परत येताना गाडीत विजयेंद्र म्हणाला की आपण रणोजीरावांना खरं काय ते सांगून टाकू. गोदाबाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं की सांग, आणि आधी पोरीला सांग. मग त्यांनी त्याच्याकडून किती अपेक्षा आहे ते स्पष्ट केलं: पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत, पुढचं मी बघते. आणि वर, "साकु," म्हणजे पुरे. हा शब्द त्यांनी उच्चारला की त्या घरात विषय बंद होतो. एकदा त्या शब्दावर कुकरची शिट्टीसुद्धा थांबल्याचं सुना सांगतात.

आयुधपूजा उजाडली. या दिवशी म्हैसुरात जी वस्तू चालते, फिरते, कापते किंवा दळते तिला हळद-कुंकू लागतं आणि हार पडतो. गोदाबाईंनी स्कूटर पुजली, मिक्सर पुजला, शिवणयंत्र, विळी आणि प्रार्थनेचा लॅपटॉप पुजला. मग सगळे माळावर गेले आणि त्यांनी कापड पुजायला घेतलं. विजयेंद्र म्हणाला की या कापडावर डाग चालत नाहीत. रंगाऱ्यांच्या घरात कापडाला रंग लागतो म्हणून तक्रार त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. गोदाबाईंनी तळहात भरून कुंकू घेतलं आणि कापडाच्या पुढच्या काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं ओढली. मग शेवंतीचे हार. ते बांधायचे कुठे, तर नाड्यांना; तेवढ्यासाठीच तर नाड्या. पूजेची गाठ सुटता कामा नये, म्हणून त्यांनी ती दुहेरी मारली. स्कूटरच्या चाकांखाली लिंबं ठेवतात तशी दोन लिंबं बुटांखाली ठेवून विजयेंद्राला त्यावर उभं केलं. शेवटी कोहळ्यात कुंकू भरून तो समोर आपटला, तो जोरात आपटला, आणि फोडी लांबपर्यंत गेल्या.

तोवर रणोजीराव दोन गाड्या भरून आले होते. (बेट्टावर दसऱ्याची गर्दी असते, म्हणून माळावरच या, असं गोदाबाईंनी आधीच कळवलं होतं.) खुर्च्या मांडल्या गेल्या, चुरमुरे-डाळं वाटलं गेलं. सहना आली, तिने नाड्यांतली शेवंती बघितली आणि चष्मा काढला. "इवत्तु बेडा," आज नको, असं ती पाहुण्यांसमोर म्हणू लागली, तेव्हा गोदाबाईंनी तिची ओंजळ चुरमुऱ्यांनी भरली आणि एक बोबट्टू, म्हणजे पुरणपोळी, थेट तोंडात घातला. बोबट्टूने भरलेल्या तोंडातून सुरक्षिततेची सूचना नीट बाहेर येत नाही.

मग नेहमीप्रमाणे वारा बघणं सुरू झालं. ऊन चढलं. पाहुण्यांचे चुरमुरे संपले, पुन्हा वाटले, पुन्हा संपले. रणोजीराव दर थोड्या वेळाने घड्याळ बघत आणि मग हर्षकडे बघत. हर्ष प्रार्थनेकडे बघत होता. प्रार्थना फोन उभा धरून बापाकडे बघत होती, आणि तिचा हात दुखत असणार, पण तिने तो खाली घेतला नाही.

आणि वारा आला. विजयेंद्राने नाड्या ओढल्या. कापड उठलं, कुंकवाचे पट्टे, शेवंतीचे हार, सगळं घेऊन उठलं आणि त्याच्या डोक्यावर उभं राहिलं. रणोजीरावांकडच्या बायकांनी आपोआप हात जोडले. मग हार बांधलेली डावी बाजू झुकली. विजयेंद्र जन्मात पहिल्यांदा बरोबर बाजूला धावला, आणि बरोबर बाजूला कोहळा होता.

यानंतर नक्की काय घडलं याविषयी मतभेद आहेत. पाय जमिनीवरून सुटले, एवढं सर्वमान्य आहे. त्यानंतर तो पाठीवर, मग पोटावर, असा खुर्च्यांच्या दिशेने आला, आणि त्याच्यामागून कापड आलं आणि व्याही, विहीणबाई, चुरमुरे यांच्यावर अलगद पसरलं. कापडाखाली शांतता होती. कोणीतरी डाळं चावत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

कापड ओढून काढल्यावर रणोजीराव नाकाला कुंकू लागलेल्या स्थितीत उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी नाक पुसलं. गिरणीवर, सोसायटीत आणि देवळात आपण काय काय सांगून ठेवलं आहे, त्याची मनात उजळणी करत असावेत. मग म्हणाले, "उडाले की."

लगेच किती उडाले याची चर्चा सुरू झाली. जे सर्वात जवळ होते त्यांच्या मते हातभर. दुसऱ्या रांगेच्या मते पुरुषभर. मागच्या गाडीच्या आडोशाला बसलेल्यांनी माडाच्या शेंड्यापर्यंत पाहिलं, आणि रणोजीरावांची थोरली बहीण, जी पहिल्यापासून कापडाखाली होती, तिने चामुंडीचं देऊळ ओलांडताना पाहिलं. ज्याला जितकं कमी दिसलं तितकी उंची वाढत होती, असं ढोबळमानाने म्हणता येईल. प्रार्थनेच्या फोनमध्ये फक्त पिवळं कापड आणि डाळं चावल्याचा आवाज आला होता, म्हणून त्यावर कोणी भर दिला नाही.

रणोजीरावांनी खिशातून सुपारी काढली. तेवढ्यात विजयेंद्र उठून बसला. हेल्मेट काढलं, कानात कोहळा. जन्मभर खोटे क्लेम शोधून काढलेला माणूस. त्याला राहवलं नाही.

"रणोजीराव, मी उडालो नाही," तो म्हणाला. "मी घसरलो, आणि मग कापडाने ओढलं. माझ्याकडून हे मान्य होत नाही."

सुपारी रणोजीरावांच्या हातातच राहिली. प्रार्थनेने फोन खाली घेतला आणि आज्जीकडे पाहिलं. गोदाबाई खुर्चीतून उठल्या, पदर खोचला आणि शेवंतीच्या पाकळ्या तुडवत मुलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"विजू, साकु. तू कचेरीत बसून काय नामंजूर करायचं ते कर, हा क्लेम तुझ्या टेबलावरचा नाही. उडाला की नाही, हे उडणाऱ्याला कोण विचारतो रे? एवढी माणसं इतक्या लांबून आली, उन्हात शेवटपर्यंत बसून राहिली, ती काय तू शेणात लोळलास ते बघायला? शेवटपर्यंत बसलेल्याला उडालेलंच दिसतं. नाहीतर आपण इतका वेळ इथे कशाला बसलो होतो, हे त्याला घरी जाऊन स्वतःलाच विचारावं लागेल, आणि ते विचारायला कोणी तयार नसतं. तू उडालास. आता कानातला कोहळा काढ, आणि पिशवीतून अडकित्ता आण."