लाईटीवर चालणारा बिबट्या

मंडळी, "यंदा आणे गावच्या जत्रेत डीजेची अशी जिरवतो, की कमिटी पुन्हा त्याचं नाव काढणार न्हाई!" असं मी आमच्या डिंगोरे गावच्या पारावर चारचौघांत बोलून बसलो. बोलायला काय, जिभेला हाड न्हाई!

आमची बेंजो पार्टी. मी, भगवंत, की-बोर्डवर आन् कुशाबा ताशावर. आण्याची मिरवणूक पूर्वी आमचीच असायची. मग डीजे आला आन् आमी घरी बसलो. कुशाबानं तर सांगूनच टाकलं, "भगवंता, यंदाची सुपारी गेली तर ताशा माळ्यावर टाकतो आन् पोराकडं चाकणला जाऊन वॉचमन व्हतो." आता कुशाबा न्हाई तर कसली पार्टी?

म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ बघून सिंथेसिस शिकायला घेतलं. म्हणजे लॅपटॉपवर आवाज कोऱ्यातनं बनवायचा. आधी एक जाडीभरडी ध्वनिलहर घ्यायची, फिल्टरमधनं पिठासारखी चाळायची, मग दुसऱ्या संथ लहरीनं तिला हलवत ठेवायची. झाला डीजेसारखा खर्जातला बेस तयार! गुर्रर्र... गुर्रर्र...

"अहो, कुणाच्या पोटात दुखतंय का?" आमच्या मोहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं. कलेची कदर घरात कधीच नसती!

आण्याच्या कमिटीचे बाळासाहेब ऐकायला येणार, नेमकी त्याच दुपारी लाईट गेली. मी कांद्याच्या रिकाम्या चाळीत बसलो. लॅपटॉपला दोन वायरी, एक हेडफोनची, दुसरी ॲम्प्लिफायरची. ॲम्प्लिफायर लाईटीविना मुका, म्हणून हेडफोनवरच बेस घोटत व्हतो. तेवढ्यात फोन आला, "फाट्यावर आलोय, घर कुठलं?" हेडफोन टाकला आन् पळालो. लॅपटॉप वाजतोय, ॲम्प्लिफायरचं बटण चालू हाय, हे अशा टायमाला कुणाच्या ध्यानात राहतंय?

जीप दारात थांबली. बाळासाहेबांनी एक पाय खाली ठेवला, आन् लाईट आली. चाळीतनं आवाज आला, गुर्रर्र!

"बिबट्याऽऽ!" शेजारची गोजरबाई किंचाळली. "आरं माझी शेळी!"

आमच्या चाळीमागं ऊस, आन् उसात बिबट्या ह्यात नवल ते काय! आन् खरं सांगतो राव, ह्यो आवाज आपलाच हाय हे मला वाटलंसुद्धा न्हाई! हेडफोनात बारीक वाटणारा आवाज ॲम्प्लिफायरवर पार उपाशी वाटत व्हता. जीपमध्ये सगळ्यात आधी मीच शिरलो. मागनं मोहिनी, ऐकवायला आणलेल्या ताशासकट कुशाबा, गोजरबाई आन् शेळी. शेळी बाळासाहेबांच्या मांडीवर बसली.

"पावणं, पहिल्यांदाच आलात, चहा तरी..." मी म्हणलो.

"आधी काच वर करा!" बाळासाहेब ओरडले.

मी वनखात्याला फोन लावला. त्यांनी विचारलं, "केवढा आहे?"

"आवाजावरनं तरी बैलाएवढा!"

"आरं कुशाबा, वाजीव की! आवाजाला भितो त्यो!" गोजरबाईनं त्याला ढोसलं. कुशाबानं ताशावर काडी टाकली. तड्‌-तड्‌-तडाड्‌! तिकडनं गुर्रर्र! इकडनं तडाड्‌! हळूहळू कुशाबाचे डोळे मिटले, हात सुटले, आन् बिबट्याच्या गुरगुरण्यावर असा काय ठेका बसला! ड्रायव्हर स्टेअरिंगवर ताल धरू लागला. बाळासाहेब शेळीच्या पाठीवर.

लाईट गेली. बिबट्या गप्प. कुशाबा मात्र थांबेना!

लाईट आली. गुर्रर्र!

मोहिनीनं माझ्याकडं बघितलं. "अहो, ह्यो बिबट्या लाईटीवर चालतो का?"

मला ॲम्प्लिफायरचं बटण आठवलं. ती उतरली, तरातरा चाळीत गेली. आवाज बंद! आन् लॅपटॉप काखेत मारून बाहेर आली. "घ्या! पकडला!"

मी वनखात्याला पुन्हा फोन करून माफी मागितली. बाळासाहेब खाली उतरले, धोतर झटकलं, आन् थेट कुशाबापुढं उभे राहिले. मला वाटलं, झालं! कुशाबा चाकणला चालला!

"बुवा," ते म्हणले, "जीव मुठीत धरून बसलो व्हतो, तरी माझा पाय थांबंना! डीजे गेला खड्ड्यात. मिरवणूक तुमची."

कुशाबानं ताशा छातीशी धरला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू!

"आन् माझा बेस?" मी हळूच विचारलं.

"त्यो आमच्या वाटाण्याच्या रानात लावा. डुकरं लई माजलीत!"

तर मंडळी, जत्रेदिवशी अख्खं आणं गाव कुशाबाच्या ताशावर नाचत व्हतं, आन् मी वाटाण्याच्या बांधावर लॅपटॉप राखत बसलो व्हतो. बेस मात्र लागू पडला बरं का! एक डुक्कर फिरकलं न्हाई.

बहुतेक तीबी मिरवणुकीलाच गेली असणार!